म्हातारपणाचा पगार : आशियातील पेन्शन धोरणांचा आढावा

म्हातारपणाची सोय म्हणजे मुलगा, ही समजूत आशियातील बहुतेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शेत, घर आणि एकत्र कुटुंब हाच तेव्हाचा विमा होता. सरकारने यात लक्ष घातले ते प्रामुख्याने विसाव्या शतकात, आणि तेही सगळ्यांसाठी नव्हे. आधी सैनिक आणि सरकारी नोकर, मग मोठ्या कारखान्यांतले कामगार, आणि जमलेच तर अगदी शेवटी शेतकरी, हमाल, फेरीवाले, घरकामगार. देश कोणताही घ्या, क्रम थोड्याफार फरकाने हाच दिसतो. आशियातील पेन्शनचे बहुतेक प्रश्न या क्रमातूनच निघाले आहेत. ज्याला उमेदीच्या काळात महिन्याचा पगार होता, त्याला म्हातारपणीही पगार मिळाला. जो आयुष्यभर रोजंदारीवर राबला, त्याचे म्हातारपणही रोजंदारीवरच राहिले.

दरम्यान म्हातारपण लांबले आणि मुले कमी झाली. एखाद्या देशात ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला किती वर्षे लागली, हा मोजमापाचा रूढ गज आहे. फ्रान्सला ११५ वर्षे लागली. जपानला १९७० ते १९९४ अशी २४ वर्षे पुरली आणि दक्षिण कोरियाने हे अंतर २००० ते २०१८ या १८ वर्षांत कापले. २०२४ च्या अखेरीस कोरियात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. युरोपला आपली व्यवस्था हळूहळू बसवायला चार पिढ्या मिळाल्या, आशियातील देशांना एकच. थायलंड आणि चीन पुरेसे श्रीमंत होण्याआधीच म्हातारे होत आहेत. भारत तुलनेने तरुण आहे, पण २०११ च्या जनगणनेतच साठीपुढच्या लोकांचा आकडा १० कोटींच्या वर होता आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते.

म्हातारपणीचा पैसा उभा करण्याच्या वाटा मुळात तीनच आहेत. पहिली सामाजिक विम्याची: कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरायची आणि त्या सामाईक पैशातून आजच्या वृद्धांना पेन्शन द्यायची. आज भरणाऱ्यांची सोय उद्याची पिढी करेल, असा हा पिढ्यांचा करार असतो. दुसरी वाट भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे ज्याचे त्याच्या खात्यात. निवृत्तीला साठलेली रक्कम व्याजासह हातात. तिसरी वाट करातून दिल्या जाणाऱ्या पेन्शनची. तिच्यात वर्गणीची अट नसते, वय झाले की पैसे सुरू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ च्या करारात पहिल्या वाटेवर भर दिला. जागतिक बँकेने १९९४ च्या गाजलेल्या अहवालात वैयक्तिक खात्यांची बाजू लावून धरली. २०१२ मध्ये श्रम संघटनेने ‘सामाजिक संरक्षणाचा तळ’ ही कल्पना पुढे केली: कोणीही त्याखाली जाऊ नये अशी किमान पातळी आधी सर्वांना, बाकीचे नंतर. आशियात या तिन्ही वाटांचे प्रयोग झाले. त्यांचे निकाल आता समोर आहेत, आणि ते तिसऱ्या वाटेच्या बाजूने झुकतात.

पहिल्या वाटेने सर्वांत दूर गेला तो जपान. कामगारांचा पेन्शन विमा तिथे युद्धकाळात, १९४२ मध्येच सुरू झाला होता. पण खरे पाऊल पडले १९६१ मध्ये. त्या वर्षी शेतकरी, दुकानदार, मच्छीमार अशा सगळ्यांना राष्ट्रीय पेन्शनमध्ये घेतले गेले आणि आरोग्य विमाही सार्वत्रिक झाला. टोकियोचे ऑलिंपिक भरायला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता आणि देश श्रीमंतांच्या यादीत बसलेला नव्हता. आधी श्रीमंत होऊ, मग सामाजिक सुरक्षेचे पाहू, असे म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे. १९८५ च्या कायद्याने सर्वांसाठी एकच मूळ पेन्शन आणि नोकरदारांसाठी तिच्यावर पगाराशी जोडलेला दुसरा मजला, अशी रचना ठरली. चाळीस वर्षे वर्गणी भरणाऱ्याला ही मूळ पेन्शन पूर्ण मिळते. २०२४-२५ मध्ये ती महिना ६८,००० येन होती. पूर्वी २५ वर्षे भरल्याशिवाय काहीच मिळत नसे. २०१७ पासून ही अट दहा वर्षांवर आली.

मुले कमी झाल्यावर हा करार टिकवायचा कसा, यावर २००४ मध्ये जपानने कठीण पण प्रामाणिक उत्तर दिले. नोकरदारांच्या वर्गणीला पगाराच्या १८.३ टक्क्यांची कायमची मर्यादा घातली, निम्मी मालकाची, निम्मी कामगाराची. त्या पैशांत बसेल इतकीच पेन्शन, म्हणून महागाई वाढली तरी पेन्शन तिच्यापेक्षा थोडी कमी वाढेल असे सूत्र बांधले. तरुणांवरचा बोजा थांबला, वृद्धांच्या ताटातला घास मात्र हळूहळू लहान होऊ लागला. ज्याच्याकडे फक्त मूळ पेन्शन आहे, त्याला हा घास लहान होणे जास्त बोचते.

जपानच्याच इतिहासातली एक घटना मात्र कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त शिकवून जाते. १९९७ मध्ये प्रत्येकाला एकच पेन्शन क्रमांक देऊन जुन्या नोंदी एकत्र करायचे ठरले. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, उघड झाले की सुमारे पाच कोटी नोंदींचा मालकच सापडत नाही. कारणे अगदी कारकुनी होती. जपानी चित्रलिपीतले एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी वाचता येते. कागदावरची नावे संगणकात उच्चाराप्रमाणे भरताना कोणी एक उच्चार धरला, कोणी दुसरा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या माहेरच्या नावाने भरलेल्या वर्गण्या तशाच पडून राहिल्या. नोकरी बदलली की नवा क्रमांक, जुना विसरला. ज्यांनी वर्षानुवर्षे पैसे भरले त्यांना भरल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला, आणि तीस वर्षांपूर्वीच्या पावत्या कोण जपून ठेवतो? लोकांचा संताप त्या जुलैच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत उतरला आणि सत्ताधारी पक्षाने बहुमत गमावले. विमाधारकांना त्यांच्या नोंदींची पत्रे घरोघर पाठवावी लागली. जुनी यंत्रणा मोडून २०१० मध्ये नवी उभारण्यात आली. पेन्शन हे चाळीस-पन्नास वर्षे सांभाळायचे हिशेबाचे बाड असते. एका नावाचा उच्चार चुकला तर एका म्हातारीचे म्हातारपण चुकते.

दक्षिण कोरियाने उशिरा सुरुवात केली आणि त्याची किंमत एका अख्ख्या पिढीने मोजली. राष्ट्रीय पेन्शन आली १९८८ मध्ये, तीही आधी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. १९९५ मध्ये खेड्यांतले शेतकरी-मच्छीमार आणि १९९९ मध्ये शहरांतले स्वयंरोजगारी तिच्यात आले. लोकांनी स्वीकारावी म्हणून सुरुवातीची वर्गणी अवघी ३ टक्के होती आणि आश्वासन होते ७० टक्के पगाराइतक्या पेन्शनचे. हे गणित टिकणारे नव्हते. वर्गणी ९ टक्क्यांवर आली आणि आश्वासन टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांकडे उतरत गेले. या सगळ्यात ज्यांनी युद्धानंतरचा उद्ध्वस्त देश उभा केला, गिरण्या आणि गोद्या चालवल्या, त्यांच्या खात्यात वर्गणी भरायला वर्षेच उरली नाहीत. श्रीमंत देशांच्या संघटनेत वृद्धांची गरिबी सर्वांत जास्त कोरियात आहे, सुमारे ४० टक्के. सोलच्या रस्त्यांवर पहाटे हातगाडी ओढत पुठ्ठे आणि रद्दी गोळा करणारे सत्तरीपुढचे स्त्री-पुरुष हे त्या आकड्याचे दिसणारे रूप आहे. किलोमागे मिळणाऱ्या क्षुल्लक पैशांसाठी ते जगातील सर्वांत झगमगीत शहरांपैकी एकात दिवसभर चालतात.

यावर उपाय म्हणून कोरिया वर्गणीची वाट सोडून कराच्या वाटेकडे वळला. २००८ मध्ये आणि मग २०१४ मध्ये अधिक ठोसपणे, ६५ वर्षांवरील खालच्या ७० टक्के लोकांना करातून मूळ पेन्शन सुरू झाली: २०१४ मध्ये महिना कमाल २ लाख वॉन, २०२१ पर्यंत ३ लाख. वृद्धांच्या गरिबीत जी काही घट झाली, तिच्यात या पेन्शनचा वाटा मोठा आहे. वर्गणीच्या पेन्शनमध्येही मार्च २०२५ मध्ये दुरुस्ती झाली: २०२६ पासून दरवर्षी अर्धा टक्का वाढवत वर्गणी १३ टक्क्यांपर्यंत न्यायची आणि पेन्शन पगाराच्या ४३ टक्के ठेवायची. २०२३ मध्ये दर स्त्रीमागे ०.७२ मूल इतका जननदर असलेल्या देशात तरुणांना हा सौदा अन्यायाचा वाटतो. त्यांची तक्रार खोटी नाही.

चीनची गोष्ट आकाराने सर्वांत मोठी आहे. १९५१ च्या कामगार विमा नियमांपासून सरकारी कारखान्यातल्या माणसाला घर, दवाखाना, मुलांची शाळा आणि पेन्शन सगळे कारखान्यातूनच मिळे. चिनी लोक त्याला ‘लोखंडी भाताचा वाडगा’ म्हणत, न फुटणारा. सुधारणांच्या काळात कारखाने तोट्यात गेले आणि हा वाडगाही फुटला. १९९७ मध्ये नवी रचना आली: मालकाच्या वर्गणीतून सामाईक पेन्शन आणि कामगाराच्या वर्गणीतून त्याचे स्वतःचे खाते. पण त्या वेळच्या पेन्शनरांना द्यायला पैसे कमी पडत होते. स्थानिक सरकारांनी कामगारांच्या खात्यांतला पैसा त्यांना वाटला. खात्यात आकडे राहिले, रोकड गेली. ‘रिकामी खाती’ हा शब्द तिथल्या चर्चेत रूढ झाला.

शेतकऱ्यांची पाळी आली २००९ मध्ये. नव्या ग्रामीण पेन्शनमध्ये सरकारकडून महिना किमान ५५ युआन मिळू लागले. २०१४ मध्ये ही योजना शहरांतील बिननोकरदारांच्या योजनेत मिळवली गेली. पेन्शन व्यवस्थेत आज १०० कोटींहून जास्त लोक नोंदलेले आहेत, आणि इतक्या थोड्या वर्षांत इतकी माणसे जोडणे ही मोठी कामगिरी आहे. पण नोंद असणे आणि पोट भरणे यांत अंतर आहे. ही किमान रक्कम २०२४ मध्ये १२३ युआनवर आली. शहरातल्या निवृत्त कामगाराची सरासरी पेन्शन ३,००० युआनच्या वर आहे. ज्या शेतकऱ्यांनी दशकानुदशके स्वस्त धान्य देऊन शहरे पोसली, त्यांच्या वाट्याला हे येते. गावाच्या नोंदवहीवर नाव असलेला मजूर तीस वर्षे शहरात राबला तरी त्याचे म्हातारपण बहुधा गावाच्याच हिशेबाने मोजले जाते.

निवृत्तीचे वय चीनमध्ये ठरले होते १९५० च्या दशकात: पुरुषांना ६०, बायकांना कामानुसार ५५ किंवा ५०. सत्तर वर्षे ते तसेच राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये निर्णय झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून पंधरा वर्षांत ते ६३, ५८ आणि ५५ वर जाणार आहे. व्हिएतनामने पुरुषांसाठी २०२८ पर्यंत ६२ आणि बायकांसाठी २०३५ पर्यंत ६० वर्षे ठरवली आहेत. वय वाढवणे हिशेबाला सोपे जाते. पण टेबलाशी बसून काम करणारा आणि पोती उचलणारा साठीला सारखे नसतात, आणि वाढवलेल्या वयाची वर्षे मुख्यतः पोती उचलणाऱ्याच्याच अंगावर पडतात.

दुसऱ्या वाटेचे, म्हणजे निधीचे, मूळ ब्रिटिश वसाहतींत आहे. मलायात १९५१ मध्ये निधी सुरू झाला, भारतात १९५२ मध्ये कायदा झाला, सिंगापूरमध्ये १९५५ मध्ये आणि श्रीलंकेत १९५८ मध्ये. सरकारला यात तिजोरीतून काही घालावे लागत नाही, म्हणून ही वाट सोपी. सिंगापूरने तिची सर्वांत कुशल बांधणी केली. १९६८ पासून निधीतून घर घेता येऊ लागले, १९८४ पासून त्यातच दवाखान्याचे खाते आले, आणि त्याच वर्षी मालक-कामगारांची मिळून वर्गणी पगाराच्या ५० टक्क्यांवर पोचली. पुढे मंदीत ती उतरवावी लागली. आज पंचावन्न वर्षांपर्यंत कामगाराचे २० आणि मालकाचे १७ टक्के जातात. घर आपले, पण म्हातारपणी हातात रोकड कमी, असा अनुभव आल्यावर २००९ मध्ये मरेपर्यंत महिन्याला पैसे देणारी योजना निधीवर बसवली गेली. आणि ज्यांचा पगारच तुटपुंजा होता त्यांच्या खात्यात साठणार काय, या प्रश्नापुढे सिंगापूरलाही २०१६ मध्ये गरीब वृद्धांसाठी सरकारी अनुदान सुरू करावे लागले. वैयक्तिक बचतीवर सर्वांत ठाम विश्वास ठेवणारा देशही शेवटी कराच्या पैशाकडे आला.

निधी अडचणीत किती ठिसूळ ठरतो, हे करोनाने दाखवले. मलेशियाने लोकांना खात्यातून पैसे काढायची मुभा दिली आणि २०२० ते २०२२ मध्ये सुमारे १४५ अब्ज रिंगिट निघाले. घरात चूल पेटत नव्हती, तेव्हा ते काढणाऱ्याला दोष देता येत नाही. पण ते आपल्याच म्हातारपणाकडून घेतलेले कर्ज होते. श्रीलंकेत तर २०२३ मध्ये दिवाळखोर सरकारच्या कर्ज-फेररचनेत निधीला आपले रोखे देऊन दूरच्या मुदतीचे नवे रोखे घ्यावे लागले, नाहीतर जास्त कर भरा, अशी अट होती. बुडत्या सरकारचा भार अखेर चहामळ्यात आणि शिलाई कारखान्यात राबणाऱ्यांच्या बचतीवर आला.

पैसा काढण्याचा हा प्रश्न कामगारांच्या जगण्याशी किती घट्ट बांधलेला आहे, हे तीन घटनांतून दिसते. मार्च २०१५ मध्ये व्हिएतनामच्या हो चि मिन्ह शहरात बुटांच्या कारखान्यातले हजारो कामगार काम थांबवून रस्त्यावर आले. नव्या कायद्याने सामाजिक विम्याची रक्कम नोकरी सुटताच एकरकमी काढण्याची सोय बंद होणार होती. सरकारने माघार घेतली. एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या बायकांनी होसूर रस्ता अडवला. पीएफमधला मालकाचा हिस्सा ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम आला होता. तोही मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडोनेशियात वृद्धापकाळाची बचत ५६ व्या वर्षापर्यंत अडकवण्याच्या नियमाविरुद्ध असाच उठाव झाला, आणि तिथेही तेच.

अर्थतज्ज्ञ याला कामगारांची अदूरदृष्टी म्हणतात. पण शिवणकाम करणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा असतो. कारखान्यात पस्तिशी-चाळिशीपुढे तिला ठेवत नाहीत. नोकरी सुटली की बेकारभत्ता नाही, आजारपणाची सोय नाही, मुलीचे शिक्षण अर्ध्यावर. तिच्यासाठी पीएफ हा म्हातारपणाचा ठेवा नसून नोकरी गेल्यावरचा एकमेव आधार असतो. चालू आयुष्याचे संरक्षण नसेल, तर उतारवयासाठी ठेवलेले पैसे तोपर्यंत शिल्लक राहत नाहीत. व्हिएतनामने २०२४ च्या कायद्यात याचा काहीसा विचार केला. पेन्शनसाठी किमान वर्गणीची वर्षे २० वरून १५ वर आणली, ७५ वर्षांपुढील बिनपेन्शनच्या लोकांना करातून भत्ता ठेवला, आणि १ जुलै २०२५ नंतर नव्याने येणाऱ्यांची एकरकमी काढण्याची सोय मात्र बहुतांशी बंद केली.

खासगी खात्यांच्या वाटेने गेलेल्यांत कझाकस्तान पुढे होता. १९९८ मध्ये त्याने सोव्हिएत काळातली पेन्शन मोडून खासगी निधी आणले. २०१३ मध्ये तेच निधी एका सरकारी निधीत विलीन करावे लागले. हाँगकाँगमध्ये २००० च्या डिसेंबरपासून मालक-कामगारांचे पाच-पाच टक्के खासगी निधीत जातात. कामावरून काढताना द्यायची भरपाई मालक आपल्याच वर्गणीतून वळती करून घेत. ही पळवाट १ मे २०२५ ला बंद झाली. तोवर पाव शतक उलटले होते.

तिसऱ्या वाटेची सर्वांत थोर गोष्ट नेपाळची आहे. १९९४ च्या डिसेंबरात मनमोहन अधिकारी यांच्या सरकारने जाहीर केले की ७५ वर्षांवरील प्रत्येकाला महिना १०० रुपये मिळतील. ना वर्गणी, ना उत्पन्नाचा दाखला. नेपाळ तेव्हा जगातील सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. ते सरकार नऊ महिन्यांत पडले, पण नंतर आलेल्या कोणत्याही पक्षाला हा भत्ता बंद करण्याचे धाडस झाले नाही. उलट तो वाढतच गेला. वय ७० वर आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ६८ वर आले, रक्कम २०२१ मध्ये ४,००० झाली. मधल्या काळात देशात यादवी झाली, राजेशाही गेली, भूकंप झाला, भत्ता चालू राहिला. सर्वांना मिळणारी गोष्ट सर्वजण राखतात, हे नेपाळच्या डोंगराळ खेड्यांनी दाखवून दिले. गरिबांपुरत्या योजनेला असे राखणदार मिळत नाहीत.

थायलंडने २००९ मध्ये साठीपुढच्या, दुसरी सरकारी पेन्शन नसलेल्या सर्वांना महिना ५०० बाट सुरू केले. २०११ पासून वयानुसार ६०० ते १,००० बाट मिळतात. रक्कम अपुरी आहे, पण २००२ मध्ये आलेली सर्वांसाठीची आरोग्यसेवा तिच्या जोडीला असल्याने थाई म्हातारीच्या औषधाचा खर्च या ६०० बाटातून जात नाही. हाँगकाँगमध्ये १९७३ पासूनच्या वृद्ध भत्त्याला लोक ‘फळांचे पैसे’ म्हणतात, फळे घेण्यापुरते म्हणून. बांगलादेशात १९९८ पासून गरीब वृद्धांसाठी भत्ता आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सार्वत्रिक’ नावाने वर्गणीची नवी पेन्शन आली. नाव सार्वत्रिक असले तरी भरणाऱ्यालाच मिळणार, त्यामुळे रिक्षावाला तिच्यात किती टिकेल, हा प्रश्न आहे.

भारतात तिन्ही वाटा एकाच वेळी आहेत, आणि प्रत्येक वाटेवर वेगळा समाज चालतो. संघटित क्षेत्रातल्या कामगाराला १९५२ च्या कायद्याने पीएफ आणि १९९५ च्या योजनेने पेन्शन मिळते. ती पेन्शन अशी मोजतात: पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. यातला पगार २०१४ पासून साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. म्हणजे दहा वर्षे सेवा झालेल्याला कमाल पगार धरूनही महिना २,१४३ रुपये. महागाईप्रमाणे त्यात काहीही वाढत नाही. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ मध्ये ठरलेली. त्याआधी अनेकांना काहीशे रुपयेच मिळत. साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी अशा ठिकाणी हयात घालवलेली महाराष्ट्रातली माणसे किमान ७,५०० रुपयांसाठी वर्षानुवर्षे आंदोलन करत आहेत. त्यांची मागणी अवाजवी नाही.

सरकारी नोकरांची कथा निराळी. १ जानेवारी २००४ पासून केंद्रात आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्रात नव्या नोकरदारांची ठरावीक पेन्शन गेली आणि बाजाराशी जोडलेली खाती आली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातील कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मधला मार्ग काढला: २५ वर्षे सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी हमी. ही हमी मागणाऱ्यांना चुकीचे ठरवता येत नाही. म्हातारपणी आकडा ठाऊक असावा, ही रास्त अपेक्षा आहे. खटकते ते हे की देशातल्या दहापैकी नऊ कामगारांसाठी अशी हमी फारसे कोणी मागत नाही.

त्या नऊजणांसाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरायला सुरुवात केली तर साठीनंतर महिना ५,००० मिळतील, असे तिचे वचन आहे. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर बेचाळीस वर्षांनंतरच्या त्या ५,००० रुपयांची किंमत आजच्या ६५० रुपयांहून कमी भरते. रोजंदारीवरच्या मुलाने बेचाळीस वर्षे न चुकता हप्ता भरायचा, आणि हाती आठवड्याचा बाजार यायचा.

असंघटितांना वर्गणीच्या वाटेवर आणता येते, पण ते कसे, याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच दिले होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्यातून माथाडी कायदा झाला. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून कायद्याने त्याला मंडळाशी जोडले. व्यापारी मजुरीवर लेव्ही भरतो, मंडळ मजुरी देते आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना यांची सोय होते. अॅपवरून घरपोच सामान देणाऱ्या मुलांसाठी आज जगभर जी रचना शोधली जाते, ती मुंबईच्या गोदीत आणि मसाला बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी मिळवली. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव पुढे सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्यासह सर्व वृद्धांच्या पेन्शनसाठी ‘पेन्शन परिषद’ घेऊन दिल्लीच्या रस्त्यावर बसले, ते याच अनुभवाच्या बळावर.

करातून मिळणारी पेन्शन महाराष्ट्रात संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांतून मिळते. गावाकडे तिला सरळ ‘निराधारचा पगार’ म्हणतात. २०२३ मध्ये ती महिना १,५०० झाली. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत महिना २,००० मिळतात. श्रावणबाळसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहून कमी. इतक्या कमाईत कोणतेही कुटुंब जगत नाही, हे दाखला मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. मग तलाठी, तहसील, झेरॉक्स, आधारवरचे चुकीचे जन्मसाल अशी फरफट सुरू होते. मंजूर झाल्यावरही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर भांडी घासलेल्या, खुरपे धरलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही, आणि समोर उभी असलेली म्हातारी कागदावर जिवंत ठरत नाही.

बायका जास्त जगतात आणि वर्गणी कमी भरतात, त्यामुळे वर्गणीवर उभी असलेली प्रत्येक व्यवस्था त्यांना कमी देते. जपानने नोकरदारांच्या बायकांना १९८६ पासून स्वतंत्र मूळ पेन्शन दिली, पण शेतात आणि घरात राबणाऱ्या बहुसंख्य आशियाई स्त्रियांच्या कामाची कुठल्याच खात्यात नोंद होत नाही. स्थलांतरितांचेही तेच. पुण्याहून जपानला गेलेल्या इंजिनियरला २०१६ पासूनच्या भारत-जपान कराराचा फायदा मिळतो. कोरियाशी असा करार २०११ पासून आहे. चिपळूण-खेडहून आखातात गेलेल्या माणसाला असे काहीच नाही. तिथली पेन्शन फक्त तिथल्या नागरिकांसाठी. परतताना त्याला सेवासमाप्तीची रक्कम मिळते. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. वीस वर्षांच्या उन्हाची शिल्लक म्हणजे ही एकरकमी रक्कमच.

दीर्घ शुश्रूषेचा प्रश्न तर आशियात बहुतेक ठिकाणी अजून सुनांवर सोडलेला आहे. जपानने २००० मध्ये आणि कोरियाने २००८ मध्ये त्यासाठी वेगळा विमा काढला. भारतात ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत घेतले. दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च त्यातून भागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रोज उठवून बसवण्याचा नाही.

साठ-सत्तर वर्षांच्या या प्रयोगांतून अग्रक्रम स्पष्ट होतो. आधी करातून सर्वांना, उत्पन्नाचा दाखला न मागता, महागाईबरोबर वाढणारी मूळ पेन्शन. मग तिच्यावर वर्गणीचा मजला, आणि बचत शेवटी. कोरिया, सिंगापूर, चीन, व्हिएतनाम वेगवेगळ्या दिशांनी निघून कमी-जास्त याच पायाकडे आले आहेत. नेपाळने तर सुरुवातच तिथून केली. पैसा नाही, हे कारण १९९५ च्या नेपाळपुढे टिकत नाही. भारतात ही पायाभरणी १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शन योजनेतून, महिना ७५ रुपयांनी झाली होती. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले तेव्हा गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये होता. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी आजही तो २०० रुपयेच आहे.